भरती चढली की पक्षी कुठे जातात?

नवी मुंबईतल्या नेरूळच्या खाडीकाठी पक्षी बघायला जायचं असेल तर घड्याळाआधी पंचांग उघडावं. रानातल्या पक्ष्यांसाठी पहाट ही हक्काची वेळ. उजाडताना निघावं, ऊन चढायच्या आत परतावं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खाडीवर हा नियम अर्धाच लागू पडतो. इथल्या पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा पाण्याच्या चढउतारावर जास्त चालतो. एखाद्या दिवशी भर दुपारी बाराला इथल्या तळ्यात हजारो पक्षी दाटीवाटीने उभे असतात. त्याच तळ्यात पुढच्या आठवड्यात, छान थंडी पडलेल्या सकाळी, चार बगळ्यांपलीकडे काही नसतं. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, पक्षी गेले. ते गेलेले नसतात. खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलात ते पोट भरत असतात.

भरती कधी, याचा कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशोब फार सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्याच सुमाराला दिवसातून दोनदा पाणी चढतं, आणि प्रत्येक भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. पाऊणपटीचा हिशोब त्यातूनच आलेला. तो ढोबळ आहे. शिवाय समुद्रापासून खाडीत जितकं आत जावं तितकी भरती आणखी उशिरा पोचते. मोबाइलवर भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, निघण्यापूर्वी ती बघावीतच. पण पुढच्या महिन्यातला कुठला रविवार धरायचा, हे ठरवायला दिनदर्शिकेतली तिथी पुरते.

भरतीची उंचीही दिवसागणिक बदलते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि उधाण येतं. उधाणाच्या मोठ्या दिवसांत मुंबईत भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एकमेकींना काटकोनात पडते, तेव्हा भांगाची भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. पक्षी बघणाऱ्याने उधाणाच्या जवळपासचे दिवस निवडावेत. द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या या तीन-चार दिवसांत पूर्ण भरती सकाळी नऊ ते दुपारी बाराच्या दरम्यान येते. तिच्या दोन तास आधी तळ्याकाठी जाऊन बसावं. संध्याकाळी जायचं तर चतुर्थी-पंचमी बरी. हे दिवस का, ते कळायला आधी खाडीचा चिखल समजून घ्यायला हवा.

मुंबई आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये ठाण्याची खाडी सुमारे 26 किलोमीटर आत शिरली आहे. तिच्या उत्तरेच्या टोकाला उल्हास नदीशी एक अरुंद जोड आहे, आणि दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. दोन्ही काठांना तिवरांचं दाट कांदळवन. ओहोटीला त्याच्या पुढ्यात राखाडी चिखलाचा सपाट पट्टा उघडा पडतो. लोकलमधून वाशीचा पूल ओलांडताना हा चिखल रोज लाखो लोकांना दिसतो आणि बहुतेकांना तो ओसाड वाटतो. पण तो गच्च भरलेला असतो. वरच्या थरात सूक्ष्म शैवालाची साय धरलेली असते. तिच्याखाली कृमी, बारीक शिंपले, गोगलगायी, कोळंबीवर्गातले जीव आणि कुर्ल्यांची बिळं. निवट्या चिखलावर सरपटत असतात. नद्या-नाल्यांनी आणलेला गाळ, तिवरांची कुजणारी पानं आणि दोन महानगरांचं सांडपाणी अशी तिन्हीकडून खाडीला पोषकद्रव्यं मिळतात. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, गेल्या तीसेक वर्षांत इथे एवढ्या मोठ्या संख्येने का येऊ लागले, याचं एक कारण हे सांगितलं जातं: सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे शैवाल वाढलं आणि रोहितांचं ताट भरलं. हे सांगताना मला नेहमी अस्वस्थ वाटतं, कारण यातून प्रदूषण चांगलं असतं असा अर्थ काढणारे लगेच भेटतात. तो अर्थ चुकीचा आहे. जे सांडपाणी शैवाल वाढवतं तेच प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि मग चिखलातले जीव आधी मरतात. खाडीत पूर्वी मिळणारी कालवं आणि मासे कसे कमी झाले, ते खाडीकाठच्या सारसोळे किंवा दिवाळे गावातल्या कोणत्याही जुन्या मच्छीमाराला विचारावं.

तर हा चिखल म्हणजे पक्ष्यांचं अन्न, आणि ते दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. मग पक्ष्यांनी काय करायचं? बदकं तरंगतात, कुरव पाण्यावर बसतात. पण तुतारी, चिखल्या, टिलवे यांसारख्या पाणथळीतल्या लहान पक्ष्यांना पाय टेकायला जागा लागते. रोहितांना पोहता येतं, तरी पाय टेकतील अशा उथळ पाण्यात उभं राहणं त्यांना मानवतं. म्हणून भरती चढू लागली की हे सगळे चिखल सोडून उठतात आणि जवळच्या उथळ, मोकळ्या पाण्यावर जाऊन उतरतात. तिथे ते झोपतात, पिसं साफ करतात, पाणी उतरण्याची वाट बघतात. उधाणाला चिखल सगळाच बुडतो, म्हणून त्या दिवसांत तळ्यांवर गर्दी. ही विसाव्याची जागा कशी असावी, हे त्यांचं ठरलेलं असतं. पाणी पायांच्या उंचीइतकंच, आजूबाजूला मोकळं म्हणजे शत्रू लांबूनच दिसेल, आणि मुख्य म्हणजे चिखलापासून जवळ. उडायला ऊर्जा लागते. दिवसातून दोनदा लांबचा हेलपाटा घालावा लागला तर खाल्लेलं अन्न येण्याजाण्यातच खर्च होतं. सैबेरियापर्यंतच्या प्रवासासाठी मार्च-एप्रिलमध्ये अंगावर चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला हे परवडणारं नाही.

नेरूळ-सीवूड्सच्या मागची तळी ही अशी विसाव्याची जागा आहे. हार्बर मार्गावरच्या सीवूड्स किंवा नेरूळ स्थानकावर उतरून रिक्षाने पाम बीच रस्त्यापलीकडे गेलं की एका बाजूला उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला तिवरांची हिरवी भिंत लागते. त्या दोहोंच्या मध्ये एनआरआय संकुल आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागचं उथळ पाणी आहे, आणि थोड्या अंतरावर, नेरूळच्या जेट्टीकडे, डीपीएस शाळेलगतचा तलाव. वाट सपाट आहे, चढउतार नाही. लहान मुलांना आणि साठी ओलांडलेल्यांना सहज जमेल अशी. खाडी पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असतं. संध्याकाळी उलटं होतं. सूर्य समोर येतो, पक्ष्यांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात आणि रंगांवरून ओळख पटवणं अवघड जातं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळचीच भरती गाठावी.

पाणी चढायला लागलं की पहिली हालचाल तिवरांच्या शेंड्यांवर दिसते. लहान पक्ष्यांचे थवे तिकडून येतात, तळ्यावर एक फेरी मारतात आणि एकदम उतरतात. त्यांच्यामागून मोठे. रोहितांची रांग आली की काठावरच्या सगळ्या माना वर होतात. मान पुढे ताणलेली, पाय मागे तितकेच लांब, आणि पंख उघडले की आत शेंदरी आणि काळा रंग. अग्निपंख हे नाव त्या रंगावरूनच पडलं आहे.

आपल्याकडे रोहितांच्या दोन जाती दिसतात, आणि त्या वेगळ्या ओळखणं हा नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला पहिला धडा आहे. मोठा रोहित जवळजवळ माणसाच्या छातीपर्यंत येईल इतका उंच. त्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा रोहित त्याच्या मानाने बराच बुटका आणि रंगाने जास्त गुलाबी. त्याची चोच गडद, लांबून काळीच वाटणारी. इथल्या थव्यांत छोट्याचीच संख्या मोठी असते. चोचीतला हा फरक जेवणातल्या फरकामुळे आहे. दोघंही डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतात आणि जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करत पाणी आत-बाहेर खेळवतात. चोचीच्या कडांना आतून बारीक दात्यांच्या रांगा असतात, त्यांत अन्न अडकतं. छोट्या रोहिताच्या दात्यांची वीण इतकी घट्ट असते की सूक्ष्म शैवालही निसटत नाही. मोठ्याची वीण विरळ, म्हणून तो कोळंबीवर्गातले बारीक जीव, कृमी आणि शिंपल्या खातो. एकाच पाण्यात शेजारी शेजारी उभं राहून दोघं वेगवेगळं जेवतात, त्यामुळे भांडायचं कारण उरत नाही.

गुलाबी रंगही जेवणातूनच येतो. शैवालात, आणि ते खाणाऱ्या जिवांत, कॅरोटिनॉइड गटातली रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. पिल्लं करड्या रंगाची जन्मतात आणि पूर्ण गुलाबी व्हायला काही वर्षं लागतात. थव्यात मळकट, राखी-तपकिरी पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, तरुण आहेत. आणि गुडघा उलटा कसा वळतो, असं मुलं हमखास विचारतात, तर तो गुडघा नव्हेच. तो घोटा आहे. गुडघा वर पोटाजवळ, पिसांत झाकलेला असतो. एका पायावर उभं राहण्याबद्दल 2017 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की त्या स्थितीत सांध्यांची रचनाच शरीराचा भार पेलते आणि स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. दोन पायांपेक्षा एका पायावर उभं राहणं रोहिताला सोपं जातं. भरतीच्या तासांत तळ्यात शेकडो रोहित एका पायावर, मान पाठीवर टाकून झोपलेले दिसतात, ते यामुळेच.

हे पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मोठ्या संख्येने येऊ लागतात, फेब्रुवारी ते एप्रिल गर्दी सगळ्यात जास्त, आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक जण निघून जातात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या म्हणजे बीएनएचएसच्या अभ्यासानुसार काही हंगामांत खाडी परिसरात त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. वीण मात्र इथे होत नाही. त्यासाठी ते कच्छच्या रणात जातात. तिथल्या रोहितांच्या अफाट वसाहतीला डॉ. सालिम अली यांनी 1945 मध्ये भेट दिली आणि तिच्यावर लिहिलं.

रोहित बघून झाले की बरेच लोक परत फिरतात. मला त्यांना हाताला धरून थांबवावंसं वाटतं, कारण खरी गंमत त्यांच्या पायांशी चालू असते. कॅमेऱ्यात धड न येणारे ते करडे-तपकिरी लहान पक्षी सुरुवातीला सगळे सारखेच वाटतात. रंगाकडे बघू नये. पाय किती लांब, चोच किती लांब, आणि तो खातो कसा, एवढंच बघावं. ओळख निम्मी तिथेच पटते.

चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड, डोळे मोठे; तो नजरेने शिकार करतो. टिलवे आणि तुतारी चोच चिखलात सारखी खुपसत राहतात. शेकाट्याचे लांब, गुलाबी-लाल पाय त्याच्या अंगाच्या मानाने इतके उंच असतात की रोहित सोडल्यास त्याच्या तोडीचे पाय क्वचितच सापडतील. त्यामुळे तो इतरांना न पेलणाऱ्या खोल पाण्यात फिरतो. काळ्या शेपटीचा मालगुजा लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात रोवतो. तिच्या टोकाला स्पर्श कळतो आणि चिखलाच्या आत असतानाही तो फक्त टोक उघडून कृमी पकडू शकतो. उचाट्याची चोच वर वळलेली. ती पाण्याच्या पृष्ठभागाखालून डावी-उजवीकडे फिरवत तो चालतो. चमचा हाही चोच अशीच झुलवतो, पण चोच पसरट आणि पाणी थोडं जास्त खोल. चित्रबलाक चोच उघडी धरून पाण्यात बुडवून ठेवतो आणि मासा चोचीला लागला की ती क्षणात मिटते. चोचीची लांबी आणि पायांची उंची यांच्या प्रत्येक जोडीने चिखलाचा एकेक थर वाटून घेतलेला आहे. पाऊण इंच खोलीवरचा कृमी एकाचा, तीन इंचांवरचा दुसऱ्याचा. एवढ्याशा पट्ट्यात इतक्या जाती कशा मावतात, याचं हे उत्तर आहे, आणि ते पुस्तकात वाचण्यापेक्षा तासभर बसून बघितल्यावर जास्त पटतं.

यांतले अनेक पक्षी आर्क्टिक टुंड्रा, सैबेरिया किंवा मध्य आशियातून येतात. मुंबई मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहे. छोटा टिलवा जेमतेम चिमणीएवढा आणि वजनाने पंचवीस-तीस ग्रॅमचा. तोही हाच प्रवास दरवर्षी करतो. बीएनएचएसचे संशोधक या खाडीत पक्ष्यांना कडी घालतात. एखाद्याच्या पायात रंगीत कडं किंवा पट्टी दिसली तर शक्य तितका स्पष्ट फोटो काढून, ठिकाण आणि वेळ लिहून त्यांच्याकडे पाठवावा. त्या एका नोंदीतून पक्षी कुठून कुठे गेला हे कळतं.

कधीकधी तळ्यावरचा सगळा जमाव एका क्षणात हवेत उठतो. कारण शोधायचं असेल तर वर बघावं. बहुधा दलदली भोवत्या किंवा एखादा ससाणा येऊन गेलेला असतो. भोवत्या पंख वर धरून तिवरांवरून खालून तरंगत जातो आणि दबलेला, दुखावलेला पक्षी शोधतो. थवा उठला की गोळा होऊन वळसे घेतो, कारण एका ठिकाणी इतकी अंगं हलत असताना शिकाऱ्याला नेमका एक निवडता येत नाही. हे उठणं नैसर्गिक आहे. पण तेच उठणं दिवसातून दहा वेळा, ड्रोनमुळे, भटक्या कुत्र्यांमुळे किंवा उडताना फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या माणसामुळे झालं, तर विसाव्याचे चार तास वाया जातात. पक्षी बघायला आलेल्याने पक्षी उडवणं, यासारखी दुसरी वाईट गोष्ट नाही. तसंच जेट्टीवर कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकणं. ते त्यांचं अन्न नाही, आणि फोटोसाठी तर नकोच.

दुर्बीण घ्यायची असेल तर 8×42 आकड्यांची घ्यावी. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट किंवा बारापट दाखवणारी जास्त चांगली असं वाटतं, पण हात थरथरला की तिच्यातलं चित्रही तितकंच थरथरतं. टोपी आणि पाणी घ्यावं. तळ्याकाठी सावली नाही. आणि एकाच जागी बसावं. शंभर पावलं चाललं तर शंभर पक्षी उडतात; एका जागी तासभर बसलेल्या माणसाजवळ ते स्वतः सरकत येतात.

नवी मुंबईत आणखी एक प्रकारचं पाणी आहे, आणि ते गोडं किंवा मचूळ असतं. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर बऱ्याच ठिकाणी खारपाट आणि मिठागरांच्या सखल जमिनीवर उभारलं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून ठिकठिकाणी धारण तलाव ठेवले. भरती असताना पावसाचं पाणी या तलावांत साठतं आणि ओहोटी लागली की झडपा उघडून खाडीत उतरतं. कोकणात खाजणांच्या बांधाला उघाडी असते तिचंच हे तंत्र, शहराच्या मापाचं. या तलावांत पाणवनस्पती वाढतात आणि खाडीवर न दिसणारे पक्षी भेटतात. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, थंडीत थापट्या आणि तलवार बदक. हळदीकुंकू बदक तर वर्षभर असतं. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, त्यामुळे त्याला विसरणं शक्य नाही. पावसाळ्यात खाडीवरचे पाहुणे गेले की हे तलावच बघावेत.

आता एक गोष्ट जी कांदळवनावर प्रेम करणाऱ्यांनाही सहज पटत नाही. तिवरं वाढली म्हणजे पक्ष्यांचं भलं झालं, असं सरसकट म्हणता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडीला बंदी घातली, 2012 मध्ये राज्याच्या वन विभागाने खास कांदळवन कक्ष उभा केला, आणि हे दोन्ही अत्यंत गरजेचं होतं. पण ठाणे खाडीत गाळ साचतो आहे. पूल, भराव आणि वरून येणारी माती यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, चिखल उंचावतो आणि उंचावलेल्या चिखलावर तिवरं रुजतात. म्हणजे पक्ष्यांचं ताट हळूहळू जंगलाखाली जातं. चिखल्या आणि तुतारींना झाडांत काम नाही. त्यांना उघडा चिखल हवा. तिवरांना तोडायचं अजिबात नाही. पण जिथे उघडा चिखल किंवा उथळ तळं आहे तिथे रोपं लावण्याचे कार्यक्रम करू नयेत, एवढं तरी उत्साही संस्थांनी पाळावं. झाड लावलं की निसर्गाचं भलं झालं, हा हिशोब पाणथळीवर चालत नाही.

खाडीला संरक्षण आहे. ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यानचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग ऑगस्ट 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि 2022 मध्ये ठाणे खाडी पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येतं, तो अनुभव घ्यावाच. मात्र नेरूळची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडतात. म्हणजे पक्ष्यांचं जेवणघर राखीव आणि झोपायची खोली उघड्यावर. बीएनएचएसने या तळ्यांना अभयारण्याच्या संलग्न पाणथळी मानून सांभाळावं, असं सुचवलं आहे. ते का, हे भरतीच्या वेळी काठावर उभं राहिलेल्या कोणालाही दिसतं. खाडी वाचली आणि तळी बुजली, तर दिवसातले दोन वेळचे चार-चार तास हे लाखभर पक्षी कुठे घालवणार?

हा प्रश्न कागदावरचा नाही. एनआरआय संकुलामागच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि घरं बांधण्याची परवानगी 2018 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डीपीएस तलावाचं तर 2024 च्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडल्या, तलाव आटला आणि त्याच सुमारास भरकटलेले रोहित रस्त्यांवर सापडू लागले, काही मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ, मुंबई विमानतळावर उतरू पाहणाऱ्या विमानाच्या धडकेत तीसहून अधिक रोहित पडले. धडकेचं नेमकं कारण एकाच गोष्टीत शोधणं योग्य नाही. पण विसाव्याची जवळची जागा गेली की पक्ष्यांच्या फेऱ्या लांबतात आणि बदलतात, हे उघड आहे. लोकांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

तळं बुजवायला दरवेळी डंपर लागत नाही. भरतीचं पाणी आत आणणारा एक नळ बंद झाला तरी पुरतं. भरतीचं पाणी थांबलं की आधी तळं आटतं किंवा साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड थर धरतो, मग गवत येतं, आणि दोन-तीन वर्षांत ती जागा पडीक म्हणून मोकळी होते. त्यामुळे नेरूळला गेलात तर पक्ष्यांबरोबर खाडीच्या बाजूच्या नळांची आणि नाल्यांची तोंडंही बघा. पूर्ण भरतीच्या आसपास तिथून पाणी आत येताना दिसलं पाहिजे. येत नसेल, तोंडाशी माती किंवा राडारोडा असेल, तर फोटो काढून तारीख आणि वेळ लिहा आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे पाठवा. वेळ लिहायला विसरू नका, कारण ओहोटीला ती तोंडं कोरडीच असतात आणि त्या फोटोने काहीच सिद्ध होत नाही.